कॅमेऱ्याकडे बघू नका!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लबहाउसमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला तो असा : माणसांचे सहज, नैसर्गिक फोटो कसे काढावेत. मी लग्नमुंजींचे फोटो काढणारा माणूस. मीरा रोड, भाईंदर, वसई, ठाणे इथल्या हॉलमध्ये माझी उमर गेली. तेव्हा आधी आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. हल्ली लग्नाच्या पॅकेजमध्ये दोन फोटोग्राफर असतात. एक ‘ट्रॅडिशनल’, म्हणजे स्टेजवर सगळ्यांना ओळीत उभं करणारा. दुसरा ‘कॅन्डिड’. याचा भाव जास्त. आणि हा जास्त भाव घेणारा माणूस दिवसभर काय सांगत असतो? "मॅडम, कॅमेऱ्याकडे बघू नका. बांगड्यांकडे बघा. आता हळूच हसा. परत एकदा." म्हणजे सहजपणाची तालीम! ती नवरी बिचारी बांगड्यांकडे अशी बघते, जणू त्या आजच हातात आल्यात.

तर सहज फोटो म्हणजे कॅमेऱ्याकडे न बघणारा फोटो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. कॅमेऱ्याकडे बघूनही माणूस सहज असू शकतो, आणि दुसरीकडे बघूनही तो पक्का नाटकी असू शकतो.

मुळात कॅमेरा समोर आला की आपण ताठ का होतो? याला इतिहास आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरच्या पद्धतीची जाहीर घोषणा झाली, तेव्हा एका फोटोसाठी मिनिटं-मिनिटं हलायचं नाही असा मामला होता. पुढे वेळ कमी होत गेला, तरी काही सेकंद दगडासारखं बसावं लागायचंच. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावायचे. आपल्या मुंबईत हे वेड फार लवकर आलं. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते. त्या काळात हसू चेहऱ्यावर इतका वेळ धरून ठेवणार कोण? म्हणून आपले खापरपणजोबा सगळे रागावलेले दिसतात. ते रागावलेले नव्हते हो, ते श्वास धरून बसले होते.

नंतर कॅमेरे झटपट झाले, पण सवय राहिली. स्टुडिओतला रंगवलेला राजवाड्याचा पडदा, खुर्चीत आजोबा, बाजूला स्टुलावर हात ठेवून उभी आजी. मग रोलचा जमाना आला. एका रोलमध्ये ३६ फोटो, ते दिवाळीपासून पुढच्या गणपतीपर्यंत पुरवायचे. अशा वेळी वडील घरात फिरणाऱ्या आईचा, पोळ्या लाटतानाचा फोटो कशाला काढतील? फोटो वाया जाईल ना! त्यामुळे आपल्या घरांतल्या अल्बममध्ये आई फक्त नव्या साडीत आहे. रोजच्या साडीतली आई कुठेच नाही.

आज मोबाईलवर हजार फोटो फुकट निघतात. तरी परिस्थिती फारशी बदललेली नाही, हे मला या वर्षी स्मरणिकेच्या कामात कळलं. समितीने सगळ्यांकडून २५ वर्षांचे फोटो मागवले. मी ते लावायला बसलो. सत्यनारायणाची पूजा, झेंडावंदन, वार्षिक सभा, बक्षीस समारंभ, पुन्हा सत्यनारायण. सगळीकडे रांग. मधोमध पाहुणे, हातात नारळ आणि शाल.

आणि एक माणूस सापडेना. जुन्या मंडळींना आठवत असेल, सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे पाण्याची बोंब होती. घोडबंदर रोडच्या जाममधून टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. तेव्हा एक काका पहाटे पाचला गेटवर उभे असायचे. गळ्यात मफलर, हातात टॉर्च. टँकर आला की पाइप स्वतः ओढायचे आणि मग प्रत्येक मजल्यावर जाऊन बेल वाजवून सांगायचे, "पाणी आलंय, भरून घ्या." कितीतरी वर्षं हे चाललं. काका आता नाहीत. श्रद्धांजलीच्या पानासाठी घरच्यांकडे फोटो मागितला तर त्यांनी आधार कार्डावरचा दिला. दुसरा चांगला नव्हताच. आमच्या ढिगाऱ्यात काका एकदाच सापडले, तेही वार्षिक सभेत माइकमागे, अर्धा चेहरा झाकलेला. मफलर आणि टॉर्चवाले काका, ज्यांना सगळी सोसायटी ओळखायची, ते एकाही फोटोत नाहीत. त्यांच्या नातवाने मला विचारलं, "आजोबा टँकरच्या वेळचे दिसतात असा एखादा आहे का?" काय सांगणार?

म्हणून आज कॅमेऱ्यापेक्षा या विषयावर जरा जास्त बोलणार आहे.

आता मला पडणारा पहिला प्रश्न. तुम्ही म्हणाल, मग काय, लपून काढायचे? जगातला थोर फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा, लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून. खरं आहे. पण तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांत फिरत होता. आपल्याला ज्यांचे फोटो काढायचेत ती माणसं उद्या सकाळी लिफ्टमध्ये भेटणार आहेत! तिथे लपाछपी चालत नाही, आणि तिची गरजही नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. शाळेच्या पुस्तकात, भिंतीवर, कुठे ना कुठे. गांधीजी जमिनीवर बसून कागद वाचतायत, पुढे चरखा आहे, मागच्या खिडकीतून उजेड येतोय. कुणी आलंय याची त्यांना खबरच नाही असं वाटतं. हा फोटो १९४६ सालचा, आणि तो काढला ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट या बाईंनी, आपल्या पुण्यात. त्या फोटोसाठी गेल्या तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी त्यांना आधी चरखा चालवायला शिका असं सांगितलं. सूत कातणारा माणूस टिपायचा तर सूत कातणं म्हणजे काय हे कळायला नको का? बाईंनी बसून प्रयत्न केला, धागा तुटत राहिला, पण केला. मग आत सोडलं. गांधीजींना झगझगीत प्रकाश आवडत नसे, म्हणून तीनच फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्याला हा फोटो आला.

बघा, या फोटोत चोरून काही नाही. गांधीजींना माहीत होतं बाई समोर आहेत. परवानगी होती, अटी होत्या. तरी फोटो इतका सहज, कारण त्यांनी आपलं वाचन सोडलं नाही आणि बाईंनी ते सोडायला लावलं नाही. मला वाटतं सगळी विद्या यातच आली. माणसाला त्याचं काम करू द्यायचं, आपण तिथे थांबायचं, आणि आपलं असणं जुनं होऊ द्यायचं.

‘जुनं होणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तुम्ही मोबाईल वर केला की पहिली दोन-तीन मिनिटं समोरचा माणूस फोटोसाठी जगतो. केस सारखे करतो, पोट आत घेतो. हे होऊ द्या. काढा दोन-चार फोटो, त्यांचं समाधान करा. मग मोबाईल खाली करा, पण निघू नका. गप्पा मारा, चहा घ्या. दहा मिनिटांनी तुम्ही खोलीतल्या फर्निचरसारखे होता. आता उचला.

आणखी एक जागा सांगतो, ती आमच्या धंद्यातले जुने लोक कधी चुकवत नाहीत. ग्रुप फोटो संपला, फोटोग्राफरने "झालं, थँक्यू" म्हटलं की सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. कुणी खदखदून हसतं, कुणी लहान मुलाच्या टपलीत मारतं, आजी काठी शोधायला लागते. खरा ग्रुप फोटो तो असतो. "थँक्यू" म्हणायचं आणि बटण दाबत राहायचं.

तसंच आजीबाईंचं. "थांब रे, पदर सारखा करू दे." आपण मोबाईल खाली घेऊन थांबतो आणि पदर सारखा झाला की काढतो. अहो, पदर सारखा करणारा तो हात, वर बघणारे ते डोळे, तोच फोटो आहे! मात्र नंतर पदर सारखा झालेलाही काढायचा आणि आजीला दाखवायचा तोच. पहिला तिच्या लेकीला पाठवा. ती जपून ठेवेल.

माणसाच्या हातात काम असलं की चेहरा आपोआप मोकळा होतो. गणपतीत आपल्याकडे एकवीसच्या हिशोबाने उकडीचे मोदक करायला बायका क्लबहाउसमध्ये बसतात. तिथे एकीचंही लक्ष आपल्याकडे नसतं, कारण पाकळी फाटली तर बाकीच्या हसतील. कॅरमवर स्ट्रायकर लावून डोळा बारीक करणारे आमचे पेन्शनर मित्र. नवरात्रात गरब्याआधी नाक्यावरच्या गजऱ्याच्या पिना एकमेकींना लावणाऱ्या आपल्या गुजराती वहिनी. सकाळी स्कूलबसच्या वेळी गेटवर बापाने मुलाच्या तोंडातला शेवटचा घास पुसणं. ही सगळी ठिकाणं तुमच्या पायाखाली आहेत. त्यासाठी किल्ल्यावर जायला नको. तसा आपला घोडबंदरचा किल्ला आणि खालची खाडी फोटोला सुरेखच, पण तिथे गेलं की लोक पुन्हा हात पसरून उभे राहतात.

थोडं तंत्राचं सांगतो, कारण मुलं मघापासून चुळबुळ करतायत.

पहिलं म्हणजे मोबाईलची काच पुसा. हसू नका. खिशात, पर्समध्ये बोटांचे डाग पडतात आणि फोटो धुरकट येतो. निम्म्या लोकांना नवा फोन नको, रुमाल हवा आहे.

दुसरं उजेड. घरातली ट्यूबलाइट डोक्यावरून येते, डोळ्यांखाली काळं करते. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो आणि मोदक वळणारे हात पुसट येतात. मग लोक फ्लॅश लावतात, आणि सगळे चेहरे भिंतीला चिकटवल्यासारखे होतात. फ्लॅश बंद ठेवा आणि माणसाला खिडकीपाशी आणा. "इथे बसा ना काकू, वारा छान येतोय", एवढंच म्हणायचं. खिडकी बाजूला राहील असं बसलं की चेहऱ्याची एक बाजू उजळ, एक जरा सावलीत. सुरकुत्याही सुंदर दिसतात. आपल्या आवारात सकाळचं ऊन कोवळं असतं तेव्हा आणि संध्याकाळी सावल्या लांब झाल्या की काढा. दुपारी बारा ते तीन मोबाईल खिशात ठेवलेला बरा.

तिसरं अंतर. मोबाईल नाकाजवळ नेऊन फोटो काढला की नाक मोठं आणि कान गायब होतात. हा त्या माणसाच्या नाकाचा दोष नाही, अंतराचा आहे. पाच-सहा फूट मागे जा आणि फोनमध्ये दोनपटीची लेन्स असेल तर ती वापरा. लांब असलं की समोरच्यालाही मोकळं वाटतं. लहान मुलांसाठी मात्र खाली बसा, गुडघे टेकवा. उभ्याने काढलेल्या फोटोत मूल म्हणजे नुसतं डोकं. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं की त्यांचं जग दिसतं.

पळणाऱ्या मुलांचे फोटो पुसट येतात अशी तक्रार असते. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी शटरचा वेग एक भागिले २५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. मोबाईलवाल्यांनी बाहेर उजेडात काढावं आणि एका दमात अनेक फोटो निघण्याची सोय वापरावी. फोनप्रमाणे ती वेगवेगळ्या ठिकाणी असते, घरातल्या पोरांना विचारा, त्यांना माहीत असतं. पण मग रात्री बसून त्यातले एक-दोन ठेवा आणि बाकी पुसा. चाळीस सारखे फोटो ठेवणं म्हणजे एकही न ठेवणं, कारण पुन्हा कुणी बघत नाही.

आता जो भाग अवघड आहे त्याकडे येतो.

गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फोटोवरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा उगाळत नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई घरच्या गाऊनमध्ये होती, एवढं पुरे. फोटो काढणारा म्हणाला, "कॅन्डिड आहे, छान आलाय." त्या वहिनींनी दोन दिवस बाल्कनीत येणं सोडलं. दोन्ही बाजू मी ऐकल्या आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे : वहिनींचं बरोबर होतं. फोटो सुंदर होता हा बचाव होऊ शकत नाही. आपलं खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली सांगितलंय. पण कोर्टापर्यंत कशाला जायचं, ज्या बाईच्या हातचा प्रसाद आपण खातो तिला अवघडल्यासारखं होऊ नये, इतकं शेजारधर्मात बसतं.

होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलंय का? मूळच्या नवसारीच्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन दिल्लीत सगळीकडे हजर. नेहरूंचे त्यांनी काढलेले किती मोकळे फोटो आहेत! विमानात एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे, स्वतःच्याही ओठात सिगारेट असलेले नेहरू, असासुद्धा. इतक्या जवळ त्यांना येऊ दिलं जायचं, कारण त्या आणि त्यांच्या बरोबरीचे लोक काही नियम पाळायचे. कपडे कसे असावेत, कुठे थांबावं, हे ठरलेलं होतं. पुढच्या पिढीतल्या फोटोग्राफरांचं वागणं पटेना, तेव्हा १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडून दिलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी त्या गेल्या.

तर माझी पद्धत सांगतो. घरच्या माणसाचा, मित्राचा फोटो आधी काढला तरी चालतो, पण लगेच त्याला दाखवायचा. "ठेवू का?" विचारायचं. नाही म्हटलं तर त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचा. ग्रुपवर टाकायचा तर पुन्हा वेगळं विचारायचं, कारण ठेवणं निराळं आणि दोनशे घरांत वाटणं निराळं. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत. आणि झोपलेला, जेवणारा, रडणारा माणूस घरचा असला तरी जरा विचार करा.

यात एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. वॉचमन, सफाईवाले, घरकामाला येणाऱ्या मावशी. यांचे फोटो आपण एक तर काढत नाही, किंवा न विचारता काढतो, तक्रारीला पुरावा म्हणून. खुर्चीत डुलकी लागलेला वॉचमन ग्रुपवर किती वेळा आलाय, आठवून बघा. तोच वॉचमन पावसात छत्री धरून कुणाला रिक्षापर्यंत सोडतो, तो फोटो कुठाय? सुधारक ओलवे हे आपले मराठी छायाचित्रकार, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो बघा. एक दिवस जाऊन, नाकाला रुमाल लावून काढलेले ते फोटो नाहीत. वर्षानुवर्षं ते त्यांच्यात जात राहिले, त्यांच्या घरी गेले. त्या फोटोंतली माणसं तुमच्याकडे बघतात तेव्हा त्यांना दया नको असते, हे लगेच कळतं. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षं काम करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना विचारा, त्यांना हवा असेल तर फोटो काढा, आणि छापून त्यांच्या हातात द्या. नुसता मोबाईलवर दाखवून पुढे जाऊ नका.

मघाशी मी रांगेतल्या फोटोंची चेष्टा केली. ते काढूच नका असं मात्र म्हणत नाही. गौतम राजाध्यक्षांचे फोटो बसवून, उजेड लावून काढलेलेच असायचे. त्यांचं ‘चेहरे’ पुस्तक कुठे मिळालं तर जरूर बघा. इतक्या नावाजलेल्या माणसांचे चेहरे आहेत, पण मला तरी त्यातलं कुणी अवघडून बसलंय असं वाटत नाही. झेंडावंदनाला रांग हवीच, कोण कोण होतं याची ती नोंद आहे. फक्त रांग मोडल्यावर फोटो काढणाऱ्याने घरी जाऊ नये.

आता काम. स्मरणिका छापून झाल्यावरही आपण फोटो जमवणं थांबवणार नाही, असं समितीने ठरवलंय. जुने अल्बम ऑफिसात आणून द्या, स्कॅन करून त्याच आठवड्यात परत मिळतील. चिकटलेले फोटो ओढून काढू नका, अल्बमसकट आणा. मागच्या बाजूला कोण, कुठे, कधी ते पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. मोबाईलमधले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसून येतात. साधा सहा बाय चार इंचाचा फोटो नीट छापायला १८०० गुणिले १२०० ठिपके लागतात, ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोत कधीकधी तेवढेही उरत नाहीत. फोटोत जे आहेत त्यांना विचारलंय की नाही, तेही सोबत कळवा.

आणि बी विंगच्या काकांसाठी एक विनंती. सुरुवातीच्या वर्षांत कुणी वाढदिवसाला, होळीला, गॅलरीतून सहज म्हणून काढलेले फोटो असतील, तर त्यांच्या कडाकोपऱ्यांत बघा. मागे गेट दिसतंय का, टँकर उभा आहे का, मफलर दिसतोय का. आकृती नखाएवढी असली तरी आणा. मोठी करायचं मी बघतो.

मुलांनी प्रश्न विचारायला इथेच थांबा. बाकीच्यांसाठी खाली चहा आणि बटाटवडे आले आहेत असं मला खुणेने सांगतायत.